पडायची जागा

उसाला तुरे आले की माझ्या उजव्या मनगटाला खाज सुटते. ही बाब मी आजवर कोणत्याही कागदावर नमूद केलेली नाही. इतरांची सुखदुःखे योग्य शब्दांत मांडण्याचे कार्य मी गेली पंचवीस वर्षे कचेरीच्या आवारातील चिंचेखाली बसून करीत आलो. स्वतःविषयी लिहिण्यास सवड मिळाली नाही, आणि खरे सांगायचे तर मायनाही सापडला नाही. अर्जाच्या शिरोभागी 'मेहेरबान' असतात. या लेखाच्या शिरोभागी कोण आहे, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

यंदाही तुरे आले आहेत. कृष्णेकाठच्या आमच्या गावाच्या चारी अंगांना ऊस आता माणसाच्या दीडपट झाला असून, त्यावर पांढुरका, रुपेरी, किंचित जांभळा असा एक दुसराच प्रदेश तरंगतो आहे. सकाळी धुके उतरते तेव्हा तुरे कुठले आणि धुके कुठले, हे सांगता येत नाही. साताऱ्याची हद्द आमच्या गावाशी दमते आणि सांगलीची सुरू होते. पूर्वेला खिंड आहे, खिंडीपलीकडे लांब उतार, उताराच्या तळाशी ओढा, ओढ्यावर अरुंद पूल आणि पुलापलीकडे साखर कारखाना. वारा तिकडून आला की मळीचा गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास कचेरीपर्यंत येतो. अशा वेळी पक्षकार समोर बसून बांधाची हकिकत सांगत असतो, मी मान डोलावीत असतो, आणि माझे कान मात्र खिंडीकडे लागलेले असतात. का, ते पुढे येईल.

प्रथम माझ्याविषयी, कारण लेखकाची योग्यता वाचकास ठाऊक असावी. माझे शालेय शिक्षण सातवीच्या वर्गात खंडित झाले. भाषेचे झाले नाही. 'सबब', 'उपरोक्त', 'येणेप्रमाणे' हे शब्द माझ्या हाताखाली जितक्या आज्ञाधारकपणे उभे राहतात, तितके ते वकिलांच्याही हाताखाली राहत नाहीत, असे एका शिरस्तेदारांनी चारचौघांत म्हटले होते. लोक मला रायटर म्हणतात. मी अर्जनवीस म्हणवून घेणे पसंत करतो, परंतु आग्रह धरीत नाही.

ज्या हंगामाची आठवण मला येते, तो दुष्काळ सरल्यानंतरचा तिसरा हंगाम होता. तोवर कारखान्याकडे ऊस बैलगाड्यांनी जाई. पहाटेपासून चाकांची कुरकुर, बैलांच्या घुंगरांचा ओला आवाज, आणि गाडीवानाच्या घोंगडीतून वर येणारा विडीचा एकच ठिपका, असे ते चालणे होते. त्या वर्षी मात्र दोनचार ट्रॅक्टर आले, त्यांच्यामागे लोखंडी ट्रॉल्या आल्या, आणि बैलगाड्यांचा सबंध तांडा जे दिवसभर ओढी, ते एक धूड एका दमात ओढू लागले. ट्रॅक्टर आले, पण ते चालवणारे कुठून आणायचे? मोठी माणसे बैलांना सरावलेली. मग पोरे पुढे झाली. ओठावर जेमतेम लव फुटलेली, कालपर्यंत कासरा धरणारी पोरे.

त्यांना शिकवण्याचे काम हवालदारांनी अंगावर घेतले. हवालदार अठरा वर्षे लष्करात मालवाहू गाड्या चालवून परत आले होते. बर्फाच्या डोंगरात, जिथे रस्ता एका ट्रकाएवढाच असतो आणि शेजारी काही नसते. पोरे त्यांना आबा म्हणत. गावामागच्या माळावर, ऊस तुटून गेलेल्या रानालगत, त्यांनी आपली शाळा मांडली होती. परंतु ती वाहन चालवण्याची शाळा नव्हती, हे मी आवर्जून नमूद करतो.

"गाडी हाकाय काय, माकडबी शिकंल," ते म्हणत. "गाडी ऐकंना झाली म्हंजे काय करशील, ते सांग."

"उडी टाकीन, आबा," एखादा धिटाईने म्हणे.

"शाब्बास रं गड्या. तू उडी टाकशील. आन् मागली ट्रॉली? ती काय तुझ्या सासऱ्याची हाय? पुलावर उभ्या ऱ्हायलेल्या बैलास्नी कोण सांगणार, सरका म्हून?"

पोरे हसत. हवालदार हसत नसत.

एका निंबाच्या बुंध्याला त्यांनी चाळणीचे जुने कडे खिळ्याने ठोकले होते. ते सुकाणू. खाली तीन विटा मांडल्या होत्या. डावीकडची क्लच, उजवीकडच्या दोन्ही ब्रेक. समोर दगडावर पोराला बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, रस्त्याचे वर्णन करीत राहायचे. आता ओढा आला, आता शेळी आडवी आली, आता खिंडीचा माथा. आणि पोरगे त्या वर्णनात रमले, मान डोलू लागली, की कानाशी तोंड नेऊन एकदम ओरडायचे, "ब्रेक मेला!"

मी स्वतः हे पाहिले आहे. दहांतली नऊ पोरे एकच गोष्ट करीत. कडे दोन्ही हातांनी छातीकडे ओढीत, पाठ मागे टाकीत, पाय ताणून समोरच्या विटा दाबीत आणि ओरडत, "होऽऽ! हो! हो!"

पिढ्यानपिढ्यांचा कासरा तो. बैल उधळला की मागे रेलायचे आणि ओढायचे, हे त्यांच्या हातांना त्यांच्याआधीपासून ठाऊक होते. हवालदार डोक्याला हात लावीत. "आरं बाबा, ह्याला कान न्हाईत! ह्यो बैल न्हवं! तू मागं रेलला, तुझा पाय क्लचवर पडला. क्लच दाबला म्हंजे काय केलं? येसण काढून हातात दिली त्याच्या. आता जातंय ते थेट वढ्यात."

हे सोडवण्यासाठी त्यांनी कड्याला करडईचे तेल चोपडले. ओढणारा पोरगा हात निसटून उताणा पडे आणि माळभर हशा पिके. वळवणारा मात्र पडत नसे. तेल लावलेले कडे हलक्या हाताने वळते, ओढता येत नाही. त्या तेलाचा वास आजही कुठे आला की मला तो माळ दिसतो. कलती उन्हे, पाचटाच्या राखेचे काळे तुकडे हवेत सावकाश फिरताना, आणि निंबाखाली एकामागून एक उताणी पडणारी, हसणारी, कुठल्याही संकटाला कधीच न भेटलेली पोरे.

हवालदारांनी एकदा मला बोलावून सांगितले, "रायटर, ह्ये समदं कागदावर घ्या. पोरं पाठ करतील."

असे काम माझ्याकडे येणे स्वाभाविक होते. मी दोन दिवस खपून मसुदा सिद्ध केला आणि माळावर उभे राहून वाचला. 'सदर वाहन उतारावर मार्गक्रमण करीत असता गतिरोधक निकामी झाल्याचे चालकाच्या निदर्शनास आल्यास, चालकाने चित्ताची स्थिरता यत्किंचितही ढळू न देता प्रथमतः...' याप्रमाणे अकरा ओळी होत्या. पोरे तोंडे उघडी टाकून ऐकत होती. हवालदारही डोळे मिटून ऐकत होते.

"झ्याक," ते म्हणाले. "लय झ्याक. पन रायटर, तुमचं 'प्रथमता' येईस्तवर गाडी वढ्यात."

मग त्यांनी माझ्या अकरा ओळींचे तीन हुकूम केले. पैला गेर माथ्यावर. उतारात क्लचला पाय न्हाई. पडायची जागा आदी. इतकेच. मी चार दिवस माळाकडे फिरकलो नाही. आज मला वाटते, माझ्या हातून लिहून न घेतले गेलेले ते तीन हुकूमच माझ्या संग्रहातील सर्वांत शुद्ध मराठी आहेत.

पडायची जागा म्हणजे काय, हे समजावण्यासाठी ते पोरांना खिंडीत नेत. अनवाणी. वहाणा माथ्यावर काढून ठेवायच्या आणि उतार पायांनी वाचत जायचा. कुठे रस्ता ओढ्याकडे कलतो, कुठे डोंगराकडे, कुठे कड मऊ आहे, कुठे खडक. मीही एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. हिवाळ्याची सकाळ होती, दगड गार होते, तळपायांना प्रत्येक खडा निराळा लागत होता, आणि हवालदारांचा आवाज त्या थंडीत कीर्तनासारखा पुढे पुढे चालला होता.

"आपुन पडणार हाय, ह्ये धरूनच निगायचं. पडायचं का न्हाई, ते गाडीच्या हातात. कुठं पडायचं, तेवढं आपल्या हातात. घरनं निगतानाच हेरून ठेवायचं."

तिसऱ्या वळणावर, डोंगराच्या अंगाला, रस्त्याच्या कामावरच्या लोकांनी सोडून दिलेला मुरमाचा ढीग होता. भोवती तरवड पिवळा फुललेला. "ही बगा," हवालदार म्हणाले. "ही आपली गादी." पोरांनी तिथल्या एका दगडाला चुना फासून खूण केली.

मी त्या वेळी मनाशी म्हटले होते, की हे तर आमच्या अर्जातही असते. शेवटच्या ओळीत आम्ही लिहितो, 'अथवा मेहेरबानांस योग्य वाटेल तो अन्य हुकूम व्हावा.' सगळे मागणे फेटाळले गेले, तरी अर्ज कुठे तरी मऊ पडावा म्हणून. ती ओळ मी हजारो वेळा लिहिली. तिचा अर्थ मला त्या सकाळी, अनवाणी उभा असताना, पहिल्यांदा कळला. आणि त्याच हंगामात मी एक कागद असा लिहिला, की ज्याला पडायला जागाच ठेवली नव्हती.

बिरू आणि त्याची आई बायजा पूर्वेकडून, आटपाडीच्या अंगाने आलेली होती. मेंढपाळ माणसे. दर साल दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कृष्णाकाठी उतरायची, शेतकऱ्यांच्या रानांत मेंढरे बसवायची आणि पावसाच्या तोंडाला परत फिरायची. दुष्काळात कळप संपला. बिरूचा बाप त्यानंतर फार काळ राहिला नाही. आता मायलेकरे नुसतीच आली होती; पुढे मेंढी नाही, मागे कुत्रे नाही. सवयीने चालत आली होती, असे म्हणावे लागेल.

बिरू हवालदारांच्या माळावर गेला आणि त्या नऊ पोरांत न बसणारा दहावा निघाला. "ब्रेक मेला!" म्हणताच त्याने कडे ओढले नाही, ओरडला नाही, सावकाश उजवीकडे वळवले.

"तिकडं का रं?" हवालदारांनी विचारले.

"तिकडं चढ हाय न्हवं," बिरू म्हणाला. "कळप उतारानं सुटला की आडवं उभं ऱ्हायाचं न्हाई, आबा. तुडवून जातंय. पुडच्या मेंढीचं त्वांड चढाला फिरवायचं. मागची आपसूक दमत्यात."

हवालदार त्याच्या शेजारी दगडावर टेकले. मग म्हणाले, "मी अठरा वर्सं मिल्ट्रीत काढली, तवा ह्ये कळलं. तुला मेंढरांनी फुकट शिकवलं."

परंतु परवान्यावाचून भरलेल्या ट्रॉलीवर कोणालाही बसू द्यायचे नाही, हा हवालदारांचा नियम होता. आणि परवान्याला अठरा वर्षे पुरी लागत. शाळेचा दाखला नाही, गावच्या दप्तरात जन्माची नोंद नाही, अशा वेळी वयाचे प्रतिज्ञापत्र लागते. ते लिहिण्याचे काम माझ्याकडे होते.

बायजाने माझ्या मेजावर काळ्या लोकरीचा एक दोरा ठेवला. त्याला गाठी होत्या. "औंधाच्या यमाईच्या डोंगराखाली मेंढरं बसली व्हती, तवा ह्यो झाला," ती म्हणाली. "तवाधरनं दर कार्तिकात एक गाठ मारत्ये. त्याच सालच्या लोकरीची."

"मेंढरे गेल्यावर लोकर कोठून आणली?" मी विचारले.

"लोकांची मेंढरं जात्यात की बाभळीखालनं. काट्याला गुतून ऱ्हाती. ती येचली."

मी गाठी मोजल्या. सोळा होत्या. पुन्हा मोजल्या.

"आवं रायटरसायेब," ती हळूच म्हणाली, "त्याला गाडी मिळाली तर आमी हितंच ऱ्हातो. पाटलांच्या रानात खोपट घालू देत्यात म्हनलेत. मला आता चालवत न्हाई. वीस सालं चालत्ये मी."

तिने खोटे लिहा असे म्हटले नाही, हे मी येथे स्पष्ट करतो. ते माझे मला सुचले. दया आली हे खरे. परंतु दयेखाली दुसरेही काही होते. माझ्या लेखणीत दोन वर्षे निर्माण करण्याचे सामर्थ्य आहे, ही जाणीव त्या क्षणी फार गोड वाटली. 'सदर इसमाचे वय आजरोजी अठरा वर्षे पूर्ण असून' असे मी लिहिले. दौत बाजूला सरकवली, तिचा अंगठा घेतला. दोरा तिने कनवटीला लावला. सोळा गाठी होत्या, आणि दोन माझ्या पदरच्या, ज्या दिसत नव्हत्या.

परवाना झाला. हवालदारांनी तो हाती धरून वाचला आणि मान हलवली. त्यांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला, आणि बिरूला भरलेली ट्रॉली दिली.

मग जे दिवस आले, ते माझ्या आठवणीत झोपेतल्या पाण्यासारखे आहेत. सकाळी धुक्यातून ट्रॅक्टर येताना दिसण्याआधी उसाची हिरवी भिंत दिसे, तिच्यावर बसलेले बगळे दिसत, आणि मग त्या सगळ्यापुढे बिरूचे छोटे, मुंडाशात बुडालेले डोके. कचेरीपुढून जाताना तो मला हात करी. मीही हात करी. माथ्यावर पोहोचला की आवाज थांबायचा. क्षणभर काहीच नसे. मग पहिल्या गेरचा जड, घोगरा, सावध आवाज यायचा आणि उताराने हळूहळू मावळत जायचा. तोवर माझी लेखणी कागदावर टेकत नसे. पक्षकारांना वाटे, रायटर शब्द शोधत आहेत.

सुमारे महिनाभराने मला कारखान्यापलीकडच्या गावी एका बांधाच्या पाहणीसाठी जायचे होते. बिरू म्हणाला, "बसा की सायेब. मडगाडवर जागा हाय." मी दप्तर मांडीवर घेऊन बसलो. दुपारची उन्हे होती. मागे उसाचा डोंगर सळसळत होता. रस्ताभर मी त्याला प्रतिज्ञापत्राची रचना कशी असते ते समजावून सांगत होतो आणि तो "व्हय, व्हय" म्हणत होता.

माथ्यावर त्याने गाडी थांबवली, पहिला गेर टाकला, मगच निघाला. त्याची काहीही चूक नव्हती, हे मी प्रतिज्ञेवर सांगण्यास तयार आहे. पहिले वळण गेले. दुसऱ्याच्या अलीकडे यंत्रात काही तरी खटकन वाजले, गेरची दांडी आपोआप सुटून मधे आली आणि आवाज एकदम हलका झाला. इतका हलका, की मला प्रथम बरे वाटले.

"गेर निसटला," बिरू म्हणाला. अगदी साध्या आवाजात. त्याने ब्रेक दाबले. जळका वास आला. मागचा उसाचा डोंगर आम्हाला ढकलू लागला. खाली पुलावर बैलगाड्यांची रांग उभी होती. मला बैलांची शिंगे दिसली, एका बैलाने शेपटी उडवलेली दिसली, आणि गाडीवर उभी राहून आमच्याकडे कौतुकाने बघणारी एक बाई दिसली.

यानंतर मी जे केले ते मी कोणासही सांगितले नव्हते. माझे वडील गाडीवान होते, हेही मी सहसा सांगत नाही. मी मडगार्डवरून झेपावलो, दोन्ही हातांनी ते सुकाणू धरले, मागे रेललो आणि ओढीत ओरडलो, "होऽऽ! हो! हो!"

अकरा ओळींतला एक शब्द मला आठवला नाही.

"सोडा!" बिरू ओरडला. मी सोडले नाही. मला सोडता येत नव्हते. तेव्हा तो खाली वाकला आणि त्याने माझ्या उजव्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. हात सुटला. त्याने सुकाणू वळवले, हलक्या हाताने, तेल लावलेल्या कड्यासारखे. तिसरे वळण, पिवळा तरवड, चुन्याचा दगड. मुरमाच्या ढिगात ट्रॅक्टरचे नाक शिरले, ट्रॉली तिरकी होऊन डोंगराला टेकली आणि सगळा ऊस सावकाश, जणू कोणी चादर अंगावर ओढावी तसा, आमच्यामागे रस्त्यावर पसरत गेला.

मग शांतता. तुऱ्यांची म्हातारी हवेत उडत होती. खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, आणि तो अजून येतो आहे याचे मला नवल वाटले.

"लागलं का वं, सायेब?" बिरूने विचारले. त्याच्या ओठाला माझे रक्त होते, आणि तो थरथरत होता. आता, सगळे संपल्यावर. मांजराच्या पिल्लासारखा.

हवालदार तासाभरात आले. आधी ट्रॅक्टरखाली शिरून पाहिले, मग बिरूच्या पाठीवर हात ठेवला, मग माझे मनगट हाती घेऊन न्याहाळले. हवालदारांचे वडील बैलांच्या बाजारात दात पाहून जनावराचे वय सांगणारे होते. हवालदार हसत म्हणाले, "रायटर, खोंड आदत हाय म्हना की! अजून दुसाबी झाल्याला दिसत न्हाई." ज्याचे दुधाचे दात पडलेले नाहीत तो आदत, पहिले दोन पडून नवे आले की दुसा. तो विनोद होता. भोवतीची पोरे हसली. मी हसलो नाही.

त्यांचे हसू हळूहळू उतरले. मनगट त्यांनी सोडले नव्हते.

"किती?" त्यांनी विचारले.

"सोळा," मी म्हणालो.

त्या एका शब्दाला मागे-पुढे काही नव्हते. इतके लहान वाक्य मी त्यापूर्वी बोललो नव्हतो.

हवालदार रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. "गाडीनं दगा दिला तर काय करायचं, ते मी पोरास्नी शिकवलं," ते म्हणाले. "तुमच्या कागदानं दगा दिला तर काय करायचं, ते म्या कुटं शिकवलंय?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यास लेखी उत्तर देऊ शकलो असतो.

त्यांनी ट्रॅक्टरची चावी काढून खिशात टाकली, तसा बिरू पुढे आला. "आबा, मी वाचवलं न्हवं? समद्यास्नी वाचवलं! आन् मलाच उतरवता?"

"वाचवलंस, म्हून जित्ता उतरीवतो," हवालदार म्हणाले. "दोन वर्सांनी ये. गाडी तुजीच."

बिरू माझ्याकडे वळला. मी वाक्य जुळवीत होतो. "दिलंसा कशापायी," तो म्हणाला, "काढून घ्यायचं व्हतं तर?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने, दोन ओळींचा अर्ज लिहून कचेरीतल्या साहेबांपुढे ठेवला, की वय मी चुकीचे लिहिले, मातेने सोळाच सांगितले होते. मनगट बांधलेले असल्याने अक्षर चांगले आले नाही. काही महिने मला चिंचेखाली बसण्यास मनाई झाली. ते योग्यच होते. पाटलांच्या रानातले खोपट मात्र उभे राहिले नाही. आठवड्याच्या आत मायलेकरे पूर्वेकडे चालत निघून गेली. बायजा पुढे होती. मी त्यांना नाक्यावर लांबून पाहिले. ती लंगडत होती.

पुढच्या हंगामात तुरे आले, आणि मनगटाला खाज सुटली. त्याच्या पुढच्या हंगामातही. मळीचा वास आला, धुके उतरले, इतर पोरे ट्रॅक्टर घेऊन खिंडीत गेली. माथ्यावर आवाज थांबे, आणि मी वाट पाही. माणूस परत येईल की नाही हे जिथे ठाऊक नसते, तिथे हंगाम मात्र न चुकता परत येतो, हे मला त्या दोन वर्षांत फार निष्ठुर वाटले.

एके दिवशी मेजावर सावली पडली. वर पाहिले तर बायजा. तिच्यामागे एक उंच, खांदे भरलेला तरुण. तिने कनवटीचा दोरा काढून माझ्यापुढे ठेवला.

"मोजा," ती म्हणाली.

मी मोजल्या. बोट लावून, एकेक. शेवटच्या दोन गाठींची लोकर नवी होती. त्यांत बाभळीच्या काट्याचे बारीक टोक अडकलेले होते. अठरा भरल्या. बिरू माझ्या मनगटाकडे पाहत होता आणि पाहत नसल्याचे दाखवीत होता.

"दुकतंय का अजून?"

"लिहिताना जाणवते," मी म्हणालो.

"बरं हाय," तो म्हणाला, आणि दोन वर्षांनी प्रथम हसला.

आता हवालदारांच्या डोळ्यांत पडदे आले आहेत. ते माळावर खाटेवर पडून असतात आणि कोणत्या पोराने क्लचवर पाय दिला हे आवाजावरून ओळखून शिव्या देतात. निंबाचे कडे तेच आहे. तेल बिरू लावतो. बायजा पाटलांच्या रानातल्या खोपटापुढे ऊन खात बसते, चालत नाही. चुन्याचा दगड दर वर्षी कोणी तरी पुन्हा रंगवते. मुरूम कमी झाला की पोरे पाट्यांनी आणून भरतात. आपल्या पडण्याची जागा अशी मऊ करून ठेवणारी माणसे मी इतरत्र पाहिलेली नाहीत.

आज सकाळी, हा लेख मी अर्ध्यावर आणला असता, बिरू एका पोराला घेऊन आला. पोराने बापाचा सदरा घातलेला होता, बाह्या दुमडून. मिशीच्या जागी काजळाचा संशय येत होता.

"ह्याचं वय लिवायचं हाय," बिरू म्हणाला.

"अठरा," पोरगे घाईने म्हणाले. "पुरी झाल्यात. देवाशपथ."

मी बिरूकडे पाहिले. तो माझ्या मनगटाकडे पाहत होता. या वेळी उघडपणे. माझी सही, माझा मसुदा, माझा पंचवीस वर्षांचा अनुभव, सगळे त्या मेजावर मांडलेले होते, आणि मी दौतीला झाकण लावले.

"आईला घेऊन ये," मी म्हणालो.

"तिला काय कळतंय, सायेब!"

"तिलाच कळते."

पोरगे रुसून फाटकाकडे गेले. तेवढ्यात खिंडीच्या माथ्यावर एका ट्रॅक्टरचा आवाज थांबला. बिरूही वळला. चिंचेची पाने हलत नव्हती. फाटकात ते पोरगेही थांबले होते, कान देऊन. मग खालच्या सुरात, जड, घोगरा, सावध असा पहिला गेर पडला, आणि उतार सुरू झाला.